जुना स्नेह आणि जुनी तेढ

कोंकणांत भाऊबंदकीचा दावा एकदां कोर्टांत गेला म्हणजे तो तीन पिढ्यांस पुरतो, असें म्हणण्याची रीत आहे. ज्यानें रत्नागिरीच्या कोर्टाच्या आवारांत अर्धा दिवस काढला असेल त्यास ही अतिशयोक्ति वाटणार नाहीं. दाव्याचें मूळ शोधूं गेलें तर हातीं काय लागतें? एखादा बांध, एखादी सामाईक विहीर, किंवा दोन घरांच्या मधोमध उभा असलेला एखादा फणस. फणसाचे उत्पन्न किती व वकिलाची फी किती, हा हिशेब वादीस किंवा प्रतिवादीस कळत नाहीं असें मुळींच नाहीं. परंतु तोंवर वाद फणसाचा राहिलेलाच नसतो. एकानें दुसऱ्यास चारचौघांत लबाड म्हटलेलें असतें, आणि तो शब्द परत घेतल्यावांचून फणस वाटून घेणें दोघांसही कमीपणाचें वाटत असतें. आणखी एक गोष्ट अशी कीं, असा दावा परक्याशीं क्वचितच होतो. ज्याच्याबरोबर एका पंगतीस बसून जेवलों त्याच्याशींच तो होतो.

हा अनुभव एका घराचा किंवा एका गांवाचा असता तर त्यावर निबंध लिहिण्याचें प्रयोजन नव्हतें. परंतु महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासांत जो स्नेह सर्वांत फलदायी ठरला, आणि ज्याचा भंग सर्वांत अधिक काळ चर्चिला गेला, त्या टिळक-आगरकरांच्या स्नेहाचा विचार करतांना आम्हांस हा फणसाचा दाखला वारंवार आठवतो. रत्नागिरीच्या टिळक आळींत लोकमान्यांचें जन्मस्थान स्मारक म्हणून जतन केलेलें आहे. तें पाहावयास येणारा मनुष्य पायऱ्या उतरून रस्त्यावर येतो न येतो तोंच कोणी तरी त्यास विचारतो, ‘आपण टिळकांच्या बाजूचे कीं आगरकरांच्या?’ ज्यांच्यामध्यें ही फाळणी झाली त्यांपैकीं एक १८९५ सालीं गेले व दुसरे १९२० सालीं. तथापि दावा चालूच आहे. तो अद्यापि कां चालावा आणि मुळांत तो कशाचा होता, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजीं कऱ्हाडाजवळ टेंभू या गांवीं झाला. बाळ गंगाधर टिळक त्याच महिन्याच्या २३ तारखेस रत्नागिरीस जन्मले. दोघांच्या वयांत अवघें नऊ दिवसांचें अंतर. परंतु नशिबांत अंतर पुष्कळ होतें. टिळकांचे वडील गंगाधरपंत हे शिक्षक. घरीं संस्कृताचा व गणिताचा अभ्यास, दापोली तालुक्यांत चिखलगांवीं थोडीबहुत वडिलोपार्जित मिळकत, आणि १८६६ सालीं वडिलांची बदली झाल्यामुळें पुण्यासारखें विद्येचें ठिकाण आपण होऊन चालत आलेलें. आगरकरांच्या वांट्यास यांपैकीं कांहींच आलें नाहीं. विद्येसाठीं त्यांनीं ज्या गांवांचे उंबरठे झिजविले त्यांत रत्नागिरीही होती, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. परंतु येथें त्यांचा निभाव लागला नाहीं. ज्या गांवांतून एक मुलगा वडिलांचें बोट धरून पुण्यास गेला, त्याच गांवांतून दुसरा निराश होऊन परत फिरला. पुढें अकोल्यास शिक्षण घेऊन ते पुण्यास आले, आणि अंगांत एकच सदरा असल्यामुळें तो रात्रीं धुऊन सकाळीं घालण्याची त्यांची कॉलेजांतील गोष्ट तर महाराष्ट्रांत लहान मुलांसही ठाऊक आहे.

डेक्कन कॉलेजांत या दोघांची गांठ पडली. प्रकृतीनें व वृत्तीनें ते एकमेकांसारखे नव्हते. टिळकांनीं कॉलेजांतील एक सबंध वर्ष शरीर कमावण्यांत घालविलें होतें, तर आगरकरांस दम्यानें ग्रासलेलें होतें. टिळकांची बुद्धि गणित, संस्कृत व कायदा यांत रमणारी. आगरकरांची मिल्ल व स्पेन्सर यांच्या ग्रंथांत, इतिहासांत व तत्त्वज्ञानांत बुडालेली. पण अशा दोन माणसांचा स्नेह जडतो तो साम्यामुळें नव्हे, तर दोघांस एकच गोष्ट टोंचत असते म्हणून. १८७९ च्या सुमारास या दोघांस टोंचणारी गोष्ट ही होती कीं, इंग्रजी विद्या शिकलेला प्रत्येक तरुण सरकारी नोकरीच्या दिशेनें चालला आहे आणि देशाच्या शिक्षणाकडे पाहण्यास कोणी उरत नाहीं. कॉलेजाच्या परिसरांत तासन् तास फिरत त्यांनीं हा विषय चघळला, आणि सरकारी नोकरी न करतां शाळा काढून त्यांत आयुष्य वेंचावयाचें, असा निश्चय केला. आगरकरांनीं आपल्या मातोश्रींस त्या वेळीं पत्र लिहून कळविलें कीं, मुलास आतां मोठ्या पगाराची नोकरी लागेल ही आशा सोडून द्यावी, पोटापुरतें मिळवून तो उरलेला सर्व वेळ परहितांत घालविणार आहे. ज्या घरांत दोन वेळच्या अन्नाची भ्रांत होती त्या घरीं असें पत्र धाडण्यास काय धैर्य लागलें असेल, याची कल्पना खात्यापित्या घरच्या माणसास सहसा येत नाहीं.

या निश्चयास आकार येण्यास पुन्हा एकदां रत्नागिरीच कारण झाली. निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर यांची बदली सरकारनें रत्नागिरीच्या हायस्कुलांत केली होती. पुण्यापासून दूर केलेल्या शास्त्रीबुवांचें मन तेथें रमलें नाहीं. १८७९ सालीं त्यांनीं नोकरीचा राजीनामा दिला व स्वतःची शाळा काढण्याच्या इराद्यानें ते पुण्यास परतले. दोन तरुण त्यांस जाऊन मिळाले. २ जानेवारी १८८० रोजीं न्यू इंग्लिश स्कूल निघालें. एम्. ए. ची परीक्षा आटोपून आगरकरही त्यांत दाखल झाले. वामन शिवराम आपटे व महादेव बल्लाळ नामजोशी हेही त्याच मंडळींत होते. १८८१ च्या जानेवारींत इंग्रजी ‘मराठा’ व मराठी ‘केसरी’ अशीं दोन पत्रें सुरू झालीं. ‘केसरी’चें संपादकत्व आगरकरांकडे आणि ‘मराठा’चें टिळकांकडे, अशी वांटणी होती.

पुढील वर्षीं या स्नेहाची परीक्षा झाली. कोल्हापूरचे छत्रपति शिवाजीमहाराज यांच्या हालांबद्दल दोन्ही पत्रांनीं तेथील दिवाण माधवराव बर्वे यांवर कडक टीका केली. बर्व्यांनीं अब्रूनुकसानीची फिर्याद केली, पुराव्यादाखल आणलेलीं पत्रें बनावट ठरलीं, आणि १८८२ च्या जुलैंत टिळक व आगरकर यांस चार चार महिन्यांची कैद झाली. खटला चालू असतांनाच, मार्च महिन्यांत, चिपळूणकर निवर्तले होते. त्यामुळें संस्थेचा सर्व भार ज्यांच्या शिरावर होता तेच दोघे मुंबईस डोंगरीच्या तुरुंगांत जाऊन बसले. तेथें १०१ दिवस काढून ते सुटले, आणि त्या दिवसांची हकीकत आगरकरांनीं लागलीच पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. त्या लहानशा पुस्तकांत दुःखाचें रडगाणें नाहीं. एका कोठडींत दोन मित्र रात्र रात्र वाद घालीत, आणि आवाज इतका चढे कीं पहारेकऱ्यास येऊन दटावावें लागे, असा त्यांतील मजकूर आहे.

वाचकांनीं हें तुरुंगांतील भांडण नीट ध्यानांत ठेवावें. सामान्यतः असें सांगण्यांत येतें कीं, एक राजकारणी व दुसरा सुधारक, तेव्हां आज ना उद्यां फूट ही व्हावयाचीच होती. आम्हांस हें सांगणें पटत नाहीं. मतभेद हेंच जर वितुष्टाचें कारण असतें तर तें डोंगरीच्या कोठडींतच झालें असतें, कारण ज्या विषयांवर पुढें दोघांच्या लेखण्या एकमेकींवर तुटून पडल्या त्यांतील पुष्कळसे विषय तेव्हांही त्यांच्यामध्यें होतेच. तेथें ते रात्रभर भांडत आणि सकाळीं पुन्हा सोबती होत. मग आठ वर्षांनीं तेंच भांडण मिटेनासें कां झालें? आमच्या मतें कारण एक नसून तीन आहेत, आणि तीं जसजशीं एकावर एक चढलीं तसतसा माघारी फिरण्याचा मार्ग अरुंद होत गेला.

पहिलें कारण, मत हें खासगी न राहतां पत्राचें झालें. १८८४ सालीं मलबारींनीं बालविवाह व सक्तीचें वैधव्य यांविषयीं आपल्या टिपणी प्रसिद्ध केल्या, आणि त्याच सुमारास रखमाबाईंचा खटला उभा राहिला. अजाणपणीं झालेलें लग्न मान्य नसतांही स्त्रीनें नवऱ्याच्या घरीं गेलेंच पाहिजे काय, हा त्यांतील प्रश्न होता. आगरकरांच्या मतें जी रूढि बुद्धीस पटत नाहीं ती टाकण्यास मुहूर्त पाहावयाचा नसतो, आणि जरूर तर कायद्याचें साह्य घेण्यासही हरकत नाहीं. टिळकांच्या मतें परक्या सरकारास आमच्या घरांत हात घालूं देणें हीच मोठी हानि, सुधारणा व्हावयाची ती लोकांस शिकवून, लोकांच्या संमतीनें व लोकांच्या गतीनेंच व्हावयास पाहिजे. दोन्ही मतें प्रामाणिक होतीं, व दोहोंसही आधार होता. अडचण एवढीच कीं, ‘केसरी’ एक होता आणि त्याचा आवाज एकच असावयास पाहिजे होता. चालक मंडळींतील बहुमत आगरकरांच्या बाजूचें नव्हतें. जो मनुष्य ‘केसरी’चा पहिला संपादक त्यालाच स्वतःचें म्हणणें त्यांत मोकळेपणीं मांडतां येईना. १८८७ सालीं त्यांनीं ‘केसरी’ सोडला व तो टिळकांकडे आला. १५ ऑक्टोबर १८८८ रोजीं आगरकरांचा ‘सुधारक’ निघाला. त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले हे तरुण प्राध्यापक पाहूं लागले. गोखले हेही रत्नागिरी जिल्ह्यांतलेच, गुहागर तालुक्यांतील कोतळूक हें त्यांचें जन्मगांव.

दुसरें कारण पैशाचें आहे, आणि त्याविषयीं बोलतांना आमचे चरित्रकार बहुधा आवाज बारीक करतात. तसें करण्याचें कारण नाहीं. १८८४ च्या ऑक्टोबरांत डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व १८८५ च्या आरंभीं फर्ग्युसन कॉलेज निघालें. आजीव सभासदांनीं दरमहा ७५ रुपयांवर संस्थेची सेवा करावी असें ठरलें होतें. टिळकांचा कटाक्ष असा कीं, जेसुइट पंथाचे पाद्री ज्याप्रमाणें आपली सर्व शक्ति व सर्व वेळ संस्थेस वाहून टाकतात त्याप्रमाणें आजीव सभासदानें वागावें, बाहेर निराळी मिळकत करूं नये आणि वेतनवाढीची भाषा काढूं नये. तत्त्व म्हणून हें उत्तमच होतें. परंतु जेसुइट पाद्र्यास बायको नसते, मुलें नसतात, आणि गांवीं मनिऑर्डरीची वाट पाहणारे आईबापही नसतात. बाविसाव्या वर्षीं ज्यांनीं दारिद्र्याचें व्रत घेतलें होतें ते आतां तिशींत आलेले संसारी गृहस्थ होते. ज्या आगरकरांनीं मातोश्रींस तसें पत्र लिहिलें त्यांजवर, ते द्रव्यलोभी झाले असा नुसता ध्वनि निघाला तरी त्यांस तो किती झोंबला असेल! उलट बाजूही तितकीच खरी आहे. ज्या व्रतावर संस्था उभारली तें व्रत सर्वांनीं मिळून थोडें थोडें सैल केलें म्हणजे एक दिवस तें उरतच नाहीं, ही टिळकांची भीति खोटी होती असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. १८९० सालीं गोखल्यांनीं सार्वजनिक सभेचें चिटणीसपद स्वीकारलें. कॉलेज संभाळून हें बाहेरचें काम करणें हा नियमाचा भंग होय, असें टिळकांनीं धरलें, आणि स्वतः टिळकही संस्थेबाहेरचीं कामें करीतच नाहींत काय, असें प्रत्युत्तर त्यांस मिळालें. ऑक्टोबरांत त्यांनीं राजीनामा पुढें केला, व डिसेंबरांत आपल्या बाजूची सविस्तर कैफियत असलेलें तें प्रसिद्ध पत्र लिहून संस्थेशीं असलेला संबंध तोडला. आपल्या आयुष्याचें ध्येय आपण सोडीत आहों, असें दुःख त्या पत्रांत त्यांनीं व्यक्त केलें आहे. तें पत्र आजही वाचणाऱ्यास कळून येतें कीं, लिहिणारा जिंकलेला नाहीं व हरलेलाही नाहीं. तो घर सोडून निघालेला आहे.

येथें प्रस्तुत निबंधाचा मुख्य मुद्दा येतो. तुरुंगांतील वादांत ‘तुझें मत चुकीचें आहे’ एवढेंच म्हणावयाचें होतें. १८९० च्या वादांत ‘तूं तसा राहिला नाहींस’ असें म्हणण्याची पाळी आली. पहिलें वाक्य मित्र मित्रास रोज ऐकवितो, त्यानें स्नेह बिघडत नाहीं. दुसरें वाक्य मात्र एकदां उच्चारलें म्हणजे त्याचें खंडन कशानेंही होत नाहीं, कारण मनुष्य आपल्या मताचा पुरावा देऊं शकतो, मनाचा देऊं शकत नाहीं. फणसाचा वाद संपून लबाड या शब्दाचा वाद सुरू होतो तो नेमका याच ठिकाणीं.

तिसरें कारण छापखान्याचें. दोघांच्याही हातांत साप्ताहिक पत्र होतें आणि पुणें शहर लहान होतें. १८९१ सालीं संमतिवयाचा कायदा झाला, त्या वादांत ‘केसरी’ व ‘सुधारक’ समोरासमोर उभे ठाकले. एका पत्रानें लिहावें, दुसऱ्यानें उत्तर द्यावें, आणि त्या उत्तरांतील तिखट वाक्यें वाचकांनीं चवीनें एकमेकांस म्हणून दाखवावीं, असा क्रम चालू झाला. ज्या दोघांस खोलीचें दार लावून घेऊन एका रात्रींत बोलून घेतां आलें असतें ते आठवडाभर थांबून हजारों लोकांसमक्ष एकमेकांशीं बोलूं लागले. अशा बोलण्यांत माघार घेणें म्हणजे अनुयायांच्या देखत हार खाणें. भांडण पाहणाऱ्यांचा घोळका भोंवतीं जमला म्हणजे भांडणारांचे हात सहसा खालीं येत नाहींत. पुण्याच्या सनातन्यांनीं तर आगरकर जिवंत असतां त्यांची प्रेतयात्रा काढली. हें कृत्य टिळकांचें नव्हे, तें त्यांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. परंतु दोन मोठ्या माणसांत वैर आलें म्हणजे लहान माणसांस काय काय करण्याची मुभा वाटूं लागते, याचें तें एक उदाहरण आहे.

टिळक गेल्यावर फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकविण्यास धोंडो केशव कर्वे १८९१ सालीं रुजू झाले. दापोली तालुक्यांतील मुरुडचे हे गृहस्थ. रत्नागिरीच्या एका सुपुत्रानें रिकामी केलेली जागा रत्नागिरीच्याच दुसऱ्यानें भरून काढली, आणि दोनच वर्षांनीं त्यांनीं विधवेशीं विवाह करून सुधारकांच्या मतास कृतीची जोड दिली. १८९२ सालीं आपटे वारल्यावर आगरकर कॉलेजाचे प्रिन्सिपॉल झाले. पण दमा हटला नव्हता. १७ जून १८९५ रोजीं, एकोणचाळिसावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, ते निवर्तले. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडूं नये म्हणून त्यांनीं पैशांची पुरचुंडी बांधून उशाशीं ठेविली होती, असें सांगतात. द्रव्यलोभाच्या आक्षेपास याहून सविस्तर उत्तर देण्याची त्यांस जरूर वाटली नसावी.

टिळकांनीं ‘केसरी’ंत त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. मृत्यूच्या उग्र स्वरूपापुढें लहानसहान मतभेद विसरले जातात आणि जुन्या गोष्टी आठवून मन व लेखणी गोंधळून जाते, अशा आशयाचे उद्गार त्यांत आहेत. हा लेख सांगतांना त्यांचे डोळे भरून येत होते, असेंही सांगण्यांत येतें. आम्हांस या लेखांतील ‘लहानसहान’ हा भाव फार विचार करण्यासारखा वाटतो. पांच वर्षांपूर्वीं जे मतभेद आयुष्याचें ध्येय सोडावयास लावण्याइतके मोठे होते ते एका रात्रींत लहान झाले कसे? ते लहान झाले नाहींत. संमतिवय, विधवाविवाह, स्वराज्य आधीं कीं सुधारणा आधीं, हे प्रश्न १७ जूनला होते तेवढेच १८ जूनलाही होते. लहान झालें तें त्यांच्या भोंवतीं माजलेलें रान. तें रान तोडण्यास एक मृत्यु लागावा, ही खरी खेदाची गोष्ट होय.

या फुटीनें उभयतांचें काय गेलें? देशाचा फायदाच झाला, एकाचीं दोन पत्रें झालीं व दोन विचारांस दोन वाहनें मिळालीं, असें म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. ‘सुधारक’ निघाला नसता तर आगरकरांचे निबंध ज्या धारेनें लिहिले गेले त्या धारेनें ते ‘केसरी’ंत खचित आले नसते. पण दुसरी बाजूही पाहावी. टिळक पुढें लोकमान्य झाले. त्यांच्याभोंवतीं भक्त व शत्रु दोन्ही वाढले. तथापि भक्त चूक दाखवीत नाहीं, आणि शत्रूनें दाखविलेली चूक कोणी मानीत नाहीं. जो चूक दाखवील व ज्याचें ऐकणें भाग पडेल असा मनुष्य बरोबरीचा जुना मित्रच असूं शकतो, आणि तो टिळकांनीं गमावला. उलट आगरकरांजवळ सत्य बोलण्याचें धैर्य अमर्याद होतें, पण लोकांस बरोबर घेऊन जाण्याची जी कला टिळकांस साधली होती ती त्यांजपाशीं नव्हती. तिचा उपयोग त्यांस झाला नाहीं. एकास टीकाकार हवा होता व दुसऱ्यास श्रोते हवे होते, आणि दोघांजवळ एकमेकांस देण्यासारखें तेंच होतें.

हीच हकीकत पुढें गोखल्यांच्या बाबतींत पुन्हा घडली. १८९० मध्यें लागलेली ठिणगी १९०७ सालच्या सुरतेच्या राष्ट्रीय सभेपर्यंत पोंचली व तेथें सभाच दुभंगली. टिळक १९१४ सालीं मंडालेहून सुटून आल्यावर दोन्ही पक्षांस एकत्र आणण्याची खटपट झाली, ती त्या वर्षीं फसली, आणि १९१५ च्या फेब्रुवारींत गोखले वारले. टिळक सिंहगडावर होते. ते तातडीनें पुण्यास आले व स्मशानांत बोलतांना त्यांनीं गोखल्यांस हिंदुस्थानचा हिरा म्हटलें. पुन्हा तोच क्रम. आयुष्यभर विरोध आणि चितेपाशीं गौरव. पुढल्या वर्षीं लखनौस राष्ट्रीय सभा एक झाली, पण ती पाहण्यास गोखले नव्हते.

परदेशच्या इतिहासांत याच्या उलट एक उदाहरण आहे, तें येथें देण्यासारखें आहे. अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष जॉन ॲडम्स व तिसरे टॉमस जेफर्सन हे १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापासूनचे सहकारी. १८०० सालच्या निवडणुकींत त्यांचें इतकें बिनसलें कीं, जेफर्सनच्या अधिकारग्रहणास ॲडम्स थांबलाही नाहीं. पुढें अकरा वर्षें दोघांत जवळजवळ अबोला होता. बेंजामिन रश या उभयतांच्या जुन्या वैद्य मित्रानें चिकाटीनें मध्यस्थी केली, आणि १ जानेवारी १८१२ रोजीं ॲडम्सनें आपण होऊन पत्र धाडलें. पुढें चौदा वर्षें त्यांचा पत्रव्यवहार चालला. मतें कोणाचींच बदललीं नाहींत. आपण एकमेकांस समजावून दिल्यावांचून मरूं नये, एवढीच इच्छा बदलली. १८२६ च्या ४ जुलैस, जाहीरनाम्याच्या पन्नासाव्या वाढदिवशीं, दोघेही एकाच दिवशीं मरण पावले. या दोन गोष्टींतील फरक स्वभावाचा नाहीं, तो काळाचा आहे. ॲडम्सनें पत्र लिहिलें तेव्हां तो शहात्तर वर्षांचा होता. आगरकरांस चाळीसही पुरीं करतां आलीं नाहींत. रुसवा धरणारा मनुष्य नेहमीं असें गृहीत धरून चालतो कीं, समेटास पुढें पुष्कळ वेळ आहे. पुण्यांत तो वेळ पांच वर्षांचाच निघाला.

वैर धरणारे गेले तरी वैर जात नाहीं, याचें कारण तें वारसांकडे जातें, आणि वारसास त्यांतील गोडवा ठाऊक नसतो, केवळ दावा ठाऊक असतो. टिळकांच्या पक्षपात्यानें आगरकरांस हलकें म्हणावें आणि आगरकरांच्या पक्षपात्यानें टिळकांस, ही आमच्याकडे निष्ठेची खूण समजली जाते. परंतु डोंगरीच्या कोठडींत रात्रभर वाद घालणाऱ्या त्या दोन सव्विशींतल्या तरुणांचा वारसा यांपैकीं कोणीच घेतलेला नाहीं. ज्या जिल्ह्यानें टिळक, गोखले व कर्वे असे तिघे दिले, ज्याच्या हायस्कुलानें चिपळूणकरांस राजीनामा द्यावयास लावलें, आणि ज्याच्या दारावरून आगरकर परत फिरले, त्या रत्नागिरीस एका बाजूचें होऊन चालणारच नाहीं. तिनें निवड करावयाची म्हटली तर आपल्याच घरांत भिंत घालावी लागेल.

म्हणून टिळक आळींत कोणी तो नेहमींचा प्रश्न विचारला तर आमचें उत्तर एवढेंच आहे कीं, आम्ही १८८२ सालचे आहों. ज्यांचा कोणी जुना मित्र असा दुरावलेला आहे त्यांनीं हा निबंध बाजूस ठेवून आधीं एवढें आठवून पाहावें कीं, आपलें भांडण अजून फणसाचेंच आहे काय. असेल तर तें आजही वांटून घेतां येईल. नसेल तर पहिला शब्द कोणी तरी मागें घ्यावा लागेल, आणि तो दुसऱ्याच्या मृत्युलेखांत मागें घेण्यापेक्षां त्याच्या दारांत जाऊन घेणें बरें.